सोड्याचे यंत्र घरी घ्यावे का?

अंबड तालुक्यातल्या एका वाचक भगिनीने लिहिले आहे : "मुलगा पुण्याला नोकरीला आहे. उन्हाळ्यात येताना घरी सोडा करायचे यंत्र घेऊन येतो म्हणतो. सासूबाई म्हणतात, वाऱ्यासाठी कशाला पैसे घालवता? आमची मोसंबीची बाग आहे, पाहुणेरावळे बरेच असतात. यंत्र घ्यावे की नको, ते कळवा."

भगिनी, सासूबाईंचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नका. त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. या यंत्रात आपण खरोखर वाराच विकत घेतो. पाणी आपले, मोसंबी आपली, मीठ-साखर आपली. विकतचा तो वारा. म्हणून यंत्र किती चकचकीत आहे हे न पाहता, तो वारा आपल्याला कुठे, केवढ्याला आणि किती दिवस मिळणार, हे आधी पाहायला हवे.

हा वारा म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू. आपल्या लोकांना तो नावाने नसला तरी गुणाने ठाऊक आहे. मराठवाड्यात ज्वारीची पेवे होती. पेव उघडले की जाणते माणूस कोणाला लगेच आत उतरू देत नसे. आधी दिवा सोडून पाहत. दिवा विझला तर आत कोंदट हवा आहे असे समजत. पडक्या विहिरीचेही तेच. त्या कोंदट हवेत हाच वायू साठलेला असतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. श्वासात भरला तर घातक, पण पाण्यात मुरवून प्यायला तर निरुपद्रवी. इंग्लंडातल्या लीड्स गावी जोसेफ प्रीस्टली नावाच्या विद्वानाने १७६७ साली शेजारच्या दारूभट्टीच्या पिंपांवर तरंगणारा हा वायू पाण्यात मिसळून पाहिला. पाण्याला झणका आला. पुढे १७८३ साली जिनिव्हात याकोब श्वेप याने तसले पाणी बाटलीत भरून विकायचा धंदा काढला. आपल्याकडे हे काम पारशी मंडळींनी केले. मुंबईत पालनजींचा कारखाना १८६५ चा, पुण्याच्या कॅम्पातला अर्देशीरांचा १८८४ चा.

खेड्यात मात्र सोडा आला तो गोटीच्या बाटलीतून. हिराम कॉड या इंग्रजाने १८७२ साली तिचे पेटंट घेतले. बाटलीच्या गळ्यात रबराचे कडे आणि आत काचेची गोटी. बाटली उलटी करून भरायची, म्हणजे गोटी गळ्याशी येते, आणि आतला वायूच तिला रबरावर दाबून धरतो. बूच नाही, झाकण नाही. सोडेवाला अंगठ्याने किंवा लाकडी ठोकणीने गोटी आत ढकलतो आणि फस्स आवाज होतो. आवाजाचे पैसे वेगळे घेतले असते तरी पोरांनी दिले असते! बाटली परत द्यायची, धुऊन पुन्हा भरायची. फेकायचे काहीच नाही. हिशेबी माणसाला पटेल अशीच ती सोय होती.

घरगुती यंत्र तेच काम करते, पण बाटली आपली आणि कळ आपल्या हातात. बाजारात दोन तऱ्हा दिसतात.

पहिली तऱ्हा उभ्या यंत्राची. मागे हातभर उंचीचा सिलिंडर, पुढे जाड प्लास्टिकची बाटली अडकवायची जागा, वर कळ. सिलिंडरात साधारण चारशे ग्रॅम वायू दाबून पातळ केलेला असतो. कळ दाबली की तो बारीक नळीतून बाटलीच्या पाण्यात शिरतो. बहुतेक यंत्रांना वीज लागत नाही. भारनियमन असलेल्या गावाला ही मोठी सोय. काही यंत्रे विजेवर चालतात. तसले घेऊ नये असे माझे मत आहे. बोटाने होणाऱ्या कामाला तार आणि सर्किट कशाला?

दुसरी तऱ्हा सायफनची. स्टीलची किंवा अॅल्युमिनियमची लिटरभराची जाड बाटली असते. तिच्या डोक्यावर बोटाएवढी लोखंडी गोळी आवळायची. गोळीत आठ ग्रॅम वायू असतो. एक गोळी, एक लिटर, आणि गोळी संपली की टाकायची. जालन्याच्या भट्ट्यांत भंगारच वितळते, तेव्हा रिकाम्या गोळ्या साठवून भंगारात द्यायला हरकत नाही. पण प्रत्येक लिटरला नवी गोळी विकत आणणे खेड्यात परवडत नाही आणि वेळेवर मिळतही नाही. वर्षातून चार वेळा पाहुण्यांसाठीच सोडा करणार असाल तर सायफन बरा, कारण त्याचा सिलिंडर पडून राहत नाही. गोळ्या घेताना एक जपा. केकवरची साय फेटायच्या गोळ्या अगदी अशाच दिसतात. त्यांत दुसराच वायू, नायट्रस ऑक्साइड असतो. डब्यावरचे नाव वाचल्याशिवाय घेऊ नका.

तिसरा मार्ग यंत्राशिवायचा आणि तो बहुतेक घरांत आहेच. खाण्याचा सोडा आणि लिंबू. सोड्यात आम्ल पडले की तोच वायू सुटतो. पण त्यातले सोडियम पाण्यातच राहते. ज्यांना रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांना हा पेला रोज देऊ नये. सिलिंडरातल्या वायूने केलेल्या पाण्यात असे जादा सोडियम येत नाही. यंत्राच्या बाजूने हे एक गणित खरे आहे. आणि धुण्याचा सोडा व खाण्याचा सोडा एका फळीवर ठेवू नका, हे सांगायला नको, तरी सांगते.

आता मुलगा यंत्र निवडायला दुकानात जाईल तेव्हा दुकानदार यंत्राची किंमत सांगेल. मुलाने विचारायचे ते वेगळेच : सिलिंडर संपल्यावर काय? जालन्यात भरून मिळेल का? छत्रपती संभाजीनगरला जावे लागेल का? रिकामा देऊन भरलेला बदलून मिळतो की नवाच घ्यावा लागतो? पोस्टाने किंवा कुरिअरने आमच्या पिनकोडवर पोहोचतो का? दाबलेल्या वायूची ने-आण सगळेच करत नाहीत. शिवाय सिलिंडराची आटी सगळ्या कंपन्यांची सारखी नसते. जी आटी जास्त प्रचलित, तेच यंत्र घ्यावे. या प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत तर यंत्र दोन महिन्यांनी माळ्यावर जाणार. तिथे मिक्सरचे जुने भांडे आणि बिघडलेला टेबलपंखा त्याची वाट पाहत असतीलच.

पैशाचा हिशेब घरीच करा. चारशे-सव्वाचारशे ग्रॅमच्या सिलिंडरात साठ लिटर सोडा होतो असे डब्यावर लिहिलेले असते. ते हलक्या झणक्याचे माप आहे. आपल्या माणसांना गाडीवरच्यासारखा कडक सोडा लागतो, आणि कळ दाबताना थोडा वायू वाया जातोच. म्हणून तीस ते चाळीस लिटरच धरा. समजा, सिलिंडर भरायला सहाशे रुपये पडले आणि पस्तीस लिटर सोडा झाला. म्हणजे लिटरला सतरा रुपये. एका लिटरात गाडीवरचे पाच पेले. पेल्याला साडेतीन रुपये. त्यात जाण्यायेण्याचे एसटीचे भाडे घाला. मग यंत्राची किंमत पाच वर्षांवर वाटा. सहाशे हा आकडा मी उदाहरणाला घेतला आहे. तुमच्या दुकानदाराचा आकडा घालून तुम्ही मांडा. रोज तीन-चार पेले लागणारे घर असेल तर गणित बसते. सणावारी दोन पेले लागणाऱ्या घरात बसत नाही. भावकीतली तीन-चार घरे मिळून एक यंत्र घ्यायलाही काय हरकत आहे? फवारणीचा पंप आपण शेजाऱ्याला देतोच की. फक्त बाटल्या ज्याच्या त्याच्या वेगळ्या ठेवाव्यात.

भरण्याच्या बाबतीत एक गोष्ट निक्षून सांगायची आहे. जालना हे लोखंडाचे गाव. वेल्डिंगला हाच वायू वापरतात, त्यामुळे कोणी ना कोणी सांगेलच, "आपल्या ओळखीचा आहे, मोठ्या सिलिंडरातून भरून देतो, निम्म्या पैशात." ऐकू नका. कारखान्याच्या वायूत तेलाचा अंश, वास, आणखी काय काय असू शकते. तो पोटात घालण्यासाठी केलेला नसतो. दुसरे असे की छोट्या सिलिंडरात मापाबाहेर वायू भरला तर तो सुरुंगासारखा आहे. देशात दाबाच्या सिलिंडरांवर देखरेख ठेवणारी सरकारी संघटना, पेट्रोलियम तथा विस्फोटक सुरक्षा संघटना, हिचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. हे खाते कशासाठी आहे ते नावातच लिहिलेले आहे.

घरातही सिलिंडरची जागा विचार करून ठरवा. ३१ अंश सेल्सिअसच्या वर हा वायू कितीही दाबला तरी पातळ राहत नाही आणि सिलिंडरातला दाब झपाट्याने वाढतो. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच चाळीसच्या वर पारा जातो. पत्र्याच्या खोलीत, खिडकीच्या उन्हात, चुलीजवळ, गॅसच्या शेगडीशेजारी किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत सिलिंडर ठेवायचा नाही. माठाची जागा घरात सर्वांत थंड असते. तिच्याजवळ, उभा, पोरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. सिलिंडर गळला तर सव्वादोनशे लिटरांच्या आसपास वायू बाहेर पडतो. उघड्या घरात त्याने काही होत नाही, पण दारे-खिडक्या उघडून थोडा वेळ बाहेर थांबावे. पेवाची आठवण तेवढ्यासाठीच दिली.

पाण्याबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. सोडा केला की पाणी शुद्ध झाले, असे काहीजण मानतात. तसे मुळीच होत नाही. वायूने पाणी चरचरीत लागते, गढूळ पाणी निर्मळ होत नाही. पिण्यायोग्य पाणीच यंत्रात घालायचे. शंका असेल तर उकळून, गाळून, गार करून. बोअरच्या पाण्याची गोष्ट आणखी निराळी. त्यातले नायट्रेट किंवा फ्लोराइड उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण थोडे वाढतेच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळते. सोड्याचे निमित्त करून का होईना, आपल्या बोअरचे पाणी एकदा तपासून घ्याच. जड पाण्याचा सोडा खारट-मचूळ लागतो आणि पेल्यात तसाच राहिला तर काचेवर पांढरा थर धरतो. टँकरच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरीचा वास असतो. एरवी तो जेमतेम जाणवतो, पण बुडबुड्यांबरोबर थेट नाकात जातो. असे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात जाळीने झाकून रात्रभर ठेवावे, वास पुष्कळ कमी होतो.

आणि पाणी गार हवे. हे यंत्राच्या पुस्तकात बारीक अक्षरांत लिहिलेले असते, पण सगळी मेख तिथेच आहे. गार पाण्यात वायू जास्त मावतो. पाच अंशांच्या पाण्यात तीस अंशांच्या पाण्याच्या दुपटीहून जास्त वायू मुरतो. म्हणजे उन्हाळ्यात रांजणातले कोमट पाणी घालून तुम्ही कितीही कळ दाबली तरी निम्मा वायू फुस्स करून वर निघून जाणार आणि सिलिंडर वीस लिटरांत संपणार. मग लोक यंत्राला नावे ठेवतात. फ्रिज असेल तर बाटली रात्रभर आत ठेवा. नसेल तर माठातले पहाटेचे पाणी घ्या, ते सर्वांत गार असते. सोडा थोडा मऊ होईल, पण होईल.

बाटली खुणेच्या रेषेपर्यंतच भरा. नीट आटी बसवून कळ एकेक सेकंद, थांबून थांबून, तीन-चार वेळा दाबा. यंत्र फुर्र करून जादा दाब सोडते, तेव्हा थांबा. बाटली काढताना सावकाश. रिकाम्या बाटलीवर कळ दाबून पोरांना गंमत दाखवू नका. यंत्राबरोबर आलेलीच बाटली वापरा. शीतपेयाची जुनी बाटली किंवा काचेची बरणी अडकवायची नाही. मुंबईच्या दंगलींत सोड्याच्या बाटल्या हत्यार म्हणून वापरल्या गेल्या, त्या काही उगीच नाही. यंत्राच्या प्लास्टिकच्या बाटलीवर मुदतीची तारीख असते. ती उलटली, बाटलीला चरे गेले किंवा ती वाकडी झाली तर फेकून द्या. तिला कढत पाणी किंवा राख लावू नका. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ ब्रश, आणि सावलीत पालथी.

आता मोसंबीकडे वळू. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, बदनापूरला मोसंबीचे संशोधन केंद्र आहे. पण २०१२-१३ च्या दुष्काळात ज्यांनी टँकरने पाणी घालून झाडे जगवली आणि ज्यांना उभ्या बागा तोडाव्या लागल्या, त्यांना मोसंबीची किंमत कागदावरून कळायची गरज नाही. मृग बहाराची फळे मार्च-एप्रिलात निघतात, नेमक्या सोड्याच्या दिवसांत. बारीक, डागी, गळीची फळे व्यापारी बाजूला काढतो. त्यातली वासाला ताजी, न सडलेली निवडून घरात वापरली तर त्या सोड्याला खरी चव येते.

पण रस यंत्रात घालायचा नाही! रस, साखर, दूध, सरबत यांपैकी काहीही यंत्राच्या बाटलीत घातले आणि वायू सोडला की फेस उसळून छतापर्यंत जातो, आणि गर नळीत अडकला की झडप बंद पडते. यंत्रात फक्त साधे पाणी. बाकी सारे पेल्यात.

मोसंबीचा रस थोड्या वेळाने कडू होतो, हा सगळ्यांचा अनुभव. रसातला लिमोनिन नावाचा पदार्थ तेव्हा जागा होतो. बी चिरडले, पांढरी साल पिळली गेली की कडूपणा आणखी वाढतो. म्हणून मिक्सरमध्ये फिरवू नका. फळ आडवे कापून काचेच्या पिळणीवर हलक्या हाताने पिळा, लगेच गाळा, आणि पाहुणा समोर बसल्यावरच काढा. अर्धा पेला रस, त्यात चिमूटभर काळे मीठ, थोडी जिरेपूड, अर्ध्या लिंबाचा रस. मोसंबीला आंबटपणा कमी, त्यामुळे लिंबाशिवाय सोडा मिळमिळीत लागतो. मीठ रसात पूर्ण विरघळू द्या. मग पेला तिरपा धरून काठाने गार सोडा ओता. पुष्कळजण आधी सोडा ओततात आणि वरून मीठ टाकतात. मिठाचा कण पडला की वायू एकदम सुटतो, अर्धा पेला ओट्यावर सांडतो आणि उरलेला बेचव होतो. साखर लागलीच तर पाक करून रसात घाला. पण मोसंबीला साखर घालणे म्हणजे बागेचा अपमान, असे मला वाटते.

शेतातून उन्हाने करपून आलेल्या माणसाला मात्र आल्या आल्या सोडा देऊ नका. वायूने पोट फुगते, पाणी पुरेसे जात नाही. आधी साधे पाणी, मठ्ठा, पन्हे द्या. जुलाब-उलट्या असतील किंवा ऊन बाधले असेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे. माणूस बरळू लागला, अंग तापले आणि शुद्ध हरपू लागली तर पाजत बसू नये, अंग ओले करून ताबडतोब दवाखाना गाठावा. एरवी निरोगी माणसाला साधा सोडा अपायकारक नाही. आम्लपित्ताचा त्रास असलेल्यांना ढेकर आल्याने बरे वाटते, पण काहींची जळजळ वाढते. ज्याने त्याने आपले पाहावे. पोरांना बाटलीबंद रंगीत गोड पाण्याची चटक लागलेली असेल तर बिनसाखरेचा मोसंबी-सोडा घरी देणे त्याहून कितीतरी बरे. यंत्र घेण्याचे मला पटणारे मोठे कारण हेच.

बचत गटाच्या काही भगिनी विचारतात, या यंत्रावर यात्रेत मोसंबी-सोड्याची गाडी लावता येईल का? घरगुती यंत्रावर नाही. छोट्या सिलिंडरातला वायू महाग पडतो, आणि गर्दीत दर पाच पेल्यांना यंत्राशी झटापट करावी लागेल. धंदाच करायचा तर मोठा सिलिंडर, दाब मोजणारे घड्याळ, खाण्याच्या प्रतीच्या वायूचा पक्का पुरवठादार आणि २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी, एवढी जुळवाजुळव आधी करा. रस तिथल्या तिथे पिळायचा असल्याने बर्फ आणि पाणी कुठले, हेही ठरवावे लागेल.

तर अंबडच्या भगिनी, मुलाला कळवा : यंत्र बिनविजेचे, प्रचलित आटीचे बघ; जालन्यात सिलिंडर बदलून देणारे दुकान आहे का ते आधी फोनवर विचार; दोन सिलिंडर मिळत असतील तर एक जास्तीचा आण, म्हणजे ऐन लग्नसराईत अडणार नाही. दुकान सापडले नाही तर यंत्र राहू दे, त्या पैशात काचेची चांगली पिळणी आणि मोठा माठ घेऊन ये. आणि यंत्र आलेच, तर पाहुणे गेल्यावर बाटलीत अर्धा सोडा उरेल. तो टाकू नका. गार असतानाच कांदाभज्यांच्या पिठात घाला, खाण्याचा सोडा न घालता भजी कुरकुरीत होतात. सासूबाईंना पहिला घाणा वाढा.